श्वास मोजणारा पट्टा: लवचीक सेन्सर घरच्या टेबलावर कसा बनवायचा

अंगावर घालायचा सेन्सर बनवायचं ठरवलं की बहुतेकांची पहिली उडी ब्लडप्रेशर नाहीतर रक्तातल्या साखरेवर पडते, आणि प्रकल्प तिथेच बारगळतो. या दोन्ही गोष्टींना अचूक आकडा लागतो. घरी ओतलेली रबरी पट्टी आज एक आकडा सांगते, उद्या दुसरा. त्यापेक्षा असं काहीतरी मोजायला घ्यावं, जिथे आकडा सरकला तरी बिघडत नाही, फक्त चढ-उतार ओळखता आला की पुरे. श्वास तसा आहे. छाती फुगली, बसली, पुन्हा फुगली, एवढं कळलं की मिनिटाला किती श्वास हे सांगता येतं. पट्टी जुनी झाली, उन्हात तापली, पट्टा बोटभर सैल बसला तरी मोजणी टिकते. स्वस्त सेन्सरकडून मोजणी करून घ्यावी, माप मागू नये. पुढचा सगळा खटाटोप या एका गोष्टीवर उभा आहे.

आणि श्वासाचा वेग हा काही दुय्यम आकडा नव्हे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या 'न्यूज २' गुणपद्धतीत (रुग्णाची तब्येत किती बिघडली हे गुणांवरून ठरवायची पद्धत, गुण जास्त तितका धोका जास्त) मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असेल तर शून्य गुण मिळतात, २५ किंवा त्याहून जास्त झाला की थेट ३, म्हणजे एका निकषाला मिळू शकणारे सर्वाधिक. लहान मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा: खोकला असलेल्या २ महिने ते १ वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल तर तो जलद श्वास, म्हणजे न्यूमोनियाची खूण. आपल्याकडे गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी मण्यांचा श्वासमापक तयार केला, तो याच आकड्यासाठी. एका मिनिटाची वाळूची घडी लावायची आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता येणाऱ्या कुणालाही ते जमतं. त्यात एकही तार नाही, तरी मोजणी चोख. आपला पट्टा त्या मण्यांपेक्षा हुशार नाही. एवढंच की तो न थकता तासभर मोजत राहतो.

एक इशारा इथेच देतो. हा पट्टा मोठ्या माणसांसाठी आहे. बाळाच्या किंवा लहान मुलाच्या छातीला घरगुती पट्टा आवळू नये, प्रयोग म्हणूनही नाही.

पट्टा चालतो कसा

मऊ सिलिकॉन रबरात वीजवाहक कार्बन ब्लॅक मिसळलं की त्याचे बारीक कण एकमेकांना टेकून वाटा तयार करतात आणि रबरातून वीज जाऊ लागते. रबर ताणलं की काही वाटा तुटतात, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) वाढतो. सोडलं की वाटा बऱ्याच अंशी पुन्हा जुळतात. कार्बन फार कमी असेल तर वाटा बनतच नाहीत. एका विशिष्ट प्रमाणाच्या पुढे त्या अचानक जुळतात, आणि त्या उंबरठ्याच्या जरा वर राहण्यात सगळी गंमत आहे. तिथे संवेदनशीलता सर्वात जास्त असते. कार्बन फार जास्त झालं तर पट्टी कडक होते आणि ताणल्यावर फरकही कमी पडतो.

आता पट्ट्याची रचना. समजा छातीचा घेर ८० सेंटिमीटर आहे आणि शांत श्वासात तो ८ मिलिमीटरने वाढतो. सगळा पट्टाच इलॅस्टिकचा केला तर त्याचा प्रत्येक भाग फक्त १ टक्का ताणला जाईल. पण पट्टा न ताणणाऱ्या कापडी पट्टीचा केला आणि त्यात फक्त ६ सेंटिमीटरचा ताणणारा तुकडा ठेवला, तर ते ८ मिलिमीटर सगळेच्या सगळे त्या तुकड्यावर येतात. म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त ताण. साहित्यात एक पैसाही न वाढवता सिग्नल तेरापट. बाजारातल्या महाग कंडक्टिव्ह कापडाचा अख्खा पट्टा शिवून सिग्नल मिळत नाही म्हणून वैतागलेले बरेच विद्यार्थी इथेच अडकलेले असतात.

काय काय आणायचं

इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतं. बोर्ड, म्हणजे प्रोग्राम चालवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी, ईएसपी३२ ही घ्या, तीही मूळ प्रकारची. सी३ आणि एस३ या नव्या प्रकारांत साधं क्लासिक ब्लूटूथ नाही, आणि आपल्याला फोनवर आकडे पाठवायला तेच सर्वात सोपं पडतं. (फोन अँड्रॉइड हवा. आयफोनवर हा मार्ग चालत नाही.) शिवाय १ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, वेगवेगळ्या किमतीचे थोडे रेझिस्टर, एक साधा मल्टिमीटर आणि सोल्डर काढायची तांब्याची जाळीदार वात, तिला दुकानात सोल्डर विक म्हणतात.

सिलिकॉन दोन भागांचं, मऊ जातीचं घ्या. साचे बनवणारे आणि रेझिनचं काम करणारे वापरतात ते. त्यात दोन घराणी आहेत: टिन क्युअर आणि प्लॅटिनम क्युअर. टिनवालं स्वस्त, पण कातडीजवळ वापरायला प्लॅटिनमवालंच बरं. मात्र प्लॅटिनमवाल्याचे नखरे असतात. गंधक, कथिलाची संयुगं, काही प्रकारची माती किंवा लेटेक्सचे हातमोजे यांचा स्पर्श झाला तरी ते सेट होत नाही, चिकटच राहतं. म्हणून हातमोजे नायट्राइलचे घ्या. दोन घराण्यांची भांडी आणि काड्या एकमेकांत मिसळू नका. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन वापरायचा मोह होईल, कारण ते कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. त्यातल्या व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या जातीतून सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते तांब्याचे सांधे खातं. टाळा.

कार्बन ब्लॅक घेताना 'कंडक्टिव्ह' जातीचं आहे याची खात्री करा. रंगासाठी मिळणारी साधी काळी पूड दिसायला तशीच, पण तिच्यापासून वीज नेणारी पट्टी जमेलच असं नाही. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा खिशातला काटा लागेल. साच्यासाठी मुदत संपलेली निदान पाच एटीएम कार्डं, जुन्या एक्स-रे फिल्म आणि एक ओएचपीचा (ओव्हरहेड प्रोजेक्टरचा) पारदर्शक प्लास्टिक कागद. शिंपीकामाच्या दुकानातून चार सेंटिमीटर रुंदीची न ताणणारी सुती पट्टी, बारीक इलॅस्टिक, वेल्क्रो, टिचबटणं आणि वीतभर मच्छरदाणीचं कापड.

खर्चाचं खरं चित्र असं: एका पट्टीत जाणारं सिलिकॉन आणि कार्बन काही रुपयांचंच असतं, पण दोन्ही पाकिटाने विकत घ्यावं लागतं. त्यामुळे बोर्डासकट पहिला पट्टा साधारण दीड-दोन हजारांना पडतो. तुम्ही दहा बनवलेत तर दर पट्ट्याला मुख्य खर्च बोर्डाच्या किमतीचाच उरतो. एकट्याने करण्यापेक्षा शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये किंवा मित्रांच्या गटात केलं तर परवडतं.

जरीचा एक उपयोग इथे सांगायला हवा. पट्ट्यावर वायरीऐवजी वीजवाहक दोरा शिवायचा म्हटलं तर त्यासाठी मिळणारी स्टीलची रिळं महाग पडतात. तांब्याच्या चपट्या तारेवर मुलामा देऊन बनवलेली जरी वीज छान नेते. प्लास्टिकची चमकी जरी अजिबात नेत नाही. दुकानात मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन टोकांना लावा, लगेच कळेल. दुकानदार जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. घामाने तांबं काळवंडतं, म्हणून जरी पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूने शिवावी, कातडीच्या बाजूने नाही.

कार्बन मिसळणं

हे काम सर्वात घाण आणि सर्वात महत्त्वाचं. कार्बन ब्लॅक इतकं हलकं आणि बारीक असतं की डबा उघडतानाच हवेत उडतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसांत 'कर्करोगाला कारण असू शकेल' अशा २बी गटात ठेवलंय. धूळ श्वासातून आत जाऊ देऊ नये. एन९५ मास्क लावा, पंखा बंद करा, टेबलावर ओला वर्तमानपत्राचा कागद अंथरा, कोरड्या झाडूने काही झाडू नका. स्वयंपाकाचं एकही भांडं या कामात वापरायचं नाही. एकदा पूड सिलिकॉनमध्ये भिजली की धोका जवळपास संपतो.

वीस ग्रॅमचा घाणा पुरतो. एकूण वजनाच्या १० टक्के कार्बन धरला तर २ ग्रॅम कार्बन आणि १८ ग्रॅम सिलिकॉन ('ए' आणि 'बी' भाग मिळून). दोन ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतं, प्रत्यक्षात चार-पाच चमचे भरतात. सिलिकॉनचा फक्त 'ए' भाग कपात घ्या आणि त्यात कार्बन थोडं थोडं घालत काडीने कपाच्या भिंतीवर दाबून घोटा. नुसतं ढवळलं तर गुठळ्या राहतात आणि गुठळ्या राहिल्या की पट्टीचा रेझिस्टन्स जागोजागी वेगळा येतो. दहा मिनिटं तरी घोटा. शेवटी 'बी' भाग घालून पुन्हा दोन-तीन मिनिटं. लगदा श्रीखंडाइतका घट्ट व्हायला हवा. पातळ करायला थिनर घालू नका. घट्ट लगदाच साच्यात नीट पसरतो.

प्रमाण मात्र माझ्या सांगण्यावर ठेवू नका. कार्बनच्या प्रत्येक जातीचा उंबरठा वेगळा असतो. ६, ८ आणि १० टक्क्यांचे तीन छोटे घाणे करा आणि प्रत्येकाची एक पट्टी ओतून बघा. मल्टिमीटरने काहीच दाखवलं नाही तर कार्बन उंबरठ्याखाली आहे. सहा सेंटिमीटरच्या पट्टीचा रेझिस्टन्स काही किलोओहम ते शंभर किलोओहम यांच्यामध्ये आला तर तो घाणा कामाचा. दोन घाणे या मर्यादेत बसत असतील तर कमी कार्बनवाला निवडा, तो जास्त संवेदनशील असतो.

पट्टी ओतणं

सिलिकॉन फक्त सिलिकॉनला चिकटतं. कापड, तांबं, प्लास्टिक कशालाच ते धरत नाही. पुढच्या सगळ्या युक्त्या या एका हट्टापायी आहेत.

सपाट टाइलवर ओएचपीचा कागद ताणून चिकटवा. दोन एटीएम कार्डं त्यावर समांतर ठेवा, मध्ये दोन सेंटिमीटर जागा सोडून. कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, म्हणजे तुमचा थर आपोआप तेवढाच होईल. कार्डाची लांबी कमी पडत असेल तर एकापुढे एक दोन लावा. मच्छरदाणीचे दोन तुकडे दोन्ही टोकांना असे ठेवा की अर्धा भाग साच्यात आणि अर्धा बाहेर. आता कार्बन नसलेलं साधं सिलिकॉन ओता आणि तिसऱ्या कार्डाच्या कडेने निपटून घ्या. जाळीच्या भोकांतून सिलिकॉन आरपार जातं आणि जाळी आत पक्की अडकते. बाहेर राहिलेली जाळी नंतर पट्ट्याला शिवता येते.

हा थर पूर्ण सेट होऊ देऊ नका. बोटाला चिकट लागेल पण बोटावर काही येणार नाही, अशा अवस्थेत पुढचं काम करायचं. किती वेळ लागेल ते पाकिटावर लिहिलेलं असतं; उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा. एक्स-रे फिल्मचे दोन थर एकावर एक चिकटवून त्यात ६ सेंटिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर रुंद खिडकी कापा. तिच्या दोन्ही टोकांना सोल्डर विकचा एकेक तुकडा येईल अशी खाच ठेवा. विकचं टोक पिनेने विस्कटून त्याची कुंचल्यासारखी झालर करा, म्हणजे कार्बनचा लगदा तारांच्या मध्ये शिरेल. विकमध्ये आधीपासून फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं रसायन) असतो आणि तो प्लॅटिनम सिलिकॉनला बाधू शकतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून आधी धुऊन घ्या. विकच्या दुसऱ्या टोकाला पातळ, लवचीक वायर आत्ताच सोल्डर करा, नंतर जागा मिळत नाही.

लगदा खिडकीत भरा, झालर लगद्यात दाबा, निपटा आणि फिल्म सरळ वर उचला. कार्बनचा थर जरा सेट झाला की बाजूच्या कार्डांवर अजून एकेक कार्ड ठेवून उंची दुप्पट करा आणि वरून पुन्हा साधं सिलिकॉन ओता. झालर आणि वायरचा सांधा या थरात पूर्ण बुडाला पाहिजे. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी ओएचपीचा कागद सोलला की दोन्ही बाजूंनी बंद, मधे काळी रेघ असलेली मऊ पट्टी हातात येते. कार्बन कुठेही बाहेर उघडं दिसत असेल तर तिथे साध्या सिलिकॉनचा एक थेंब लावा.

पट्टी वळणावर आणणं

नवी पट्टी कधीच सरळ वागत नाही. पहिल्यांदा ताणली की जेवढा रेझिस्टन्स वाढतो, तेवढा दुसऱ्यांदा वाढत नाही, तिसऱ्यांदा त्याहून कमी. भरणी घातलेल्या रबराचा हा ज्ञात गुण आहे, त्याला मलिन्स परिणाम म्हणतात. त्यावर इलाज एकच: वापरण्याआधी पट्टी ३० टक्क्यांपर्यंत शंभर-दीडशे वेळा ताणून सोडायची. टीव्ही बघता बघता होतं.

मग फूटपट्टीशेजारी पट्टी ठेवून तिला ५, १०, १५, २० टक्के ताणा आणि प्रत्येक ठिकाणी रेझिस्टन्स लिहा. तसंच उलट येताना लिहा. जाताना आणि येताना आकडे जुळणार नाहीत. एका ताणावर धरून ठेवली तरी आकडा हळूहळू खाली सरकत राहील. आणखी एक खोड आहे: पट्टी सोडताना रेझिस्टन्स उतरायच्या आधी क्षणभर पुन्हा उडी घेतो. आलेखावर एका श्वासाला दोन टेकाडं दिसतात ती यामुळे. यातली एकही खोड पूर्ण जात नाही. आपण मोजणीच करणार आहोत म्हणून त्या सोसता येतात; ब्लडप्रेशर मोजायला निघालो असतो तर इथेच दुकान बंद करावं लागलं असतं.

दुसऱ्या टेकाडाचा त्रास कमी करायचा तर पट्टी कधी पूर्ण सैल होऊ द्यायची नाही. श्वास सोडलेल्या अवस्थेतही ती सहाची सात सेंटिमीटर राहील इतका पट्टा घट्ट बांधायचा.

पट्टा शिवणं

सुती पट्टीच्या दोन टोकांमध्ये सेन्सर जाळीने शिवा. सेन्सरच्या दोन्ही बाजूंनी त्याला समांतर बारीक इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या लावा. ओढ इलॅस्टिकने सोसायची, सेन्सरने फक्त सोबत जायचं. शिवाय पूर्ण ताणल्यावर दहा सेंटिमीटर भरेल अशी एक न ताणणारी नाडीही आडवी टाका. कुणी पट्टा काढताना हिसडा दिला तर नाडी ओढ घेईल आणि सेन्सर फाटणार नाही. वायरींना एस अक्षरासारखा सैल वळसा द्या आणि सुती पट्टीवर टाक्यांनी पक्क्या करा. अशा पट्ट्यांत सेन्सर क्वचित मरतो. मऊ रबर आणि कडक वायर जिथे भेटतात तो सांधाच आधी जातो.

वायरीची टोकं टिचबटणांना सोल्डर करा आणि बटणांची दुसरी बाजू बोर्डाच्या छोट्या पिशवीला लावा. म्हणजे पट्टा धुताना इलेक्ट्रॉनिक्स सुटं होतं. टिचबटणात बहुधा निकेल असतं, काहींना त्याची ॲलर्जी येते, म्हणून बटणं बाहेरच्या तोंडाला ठेवा आणि पट्टा बनियनवरूनच घाला. जागा: छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक लागतं त्या उंचीवर. काही माणसं पोटाने जास्त श्वास घेतात, त्यांच्यासाठी बेंबीच्या जरा वर. दोन्हीकडे पट्टा लावून बघा आणि जिथे चढ-उतार मोठा येतो ती जागा धरा.

जोडणी

सेन्सरचं एक टोक बोर्डाच्या ३.३ व्होल्टला, दुसरं टोक ३४ क्रमांकाच्या पिनला. त्याच पिनपासून ग्राउंडपर्यंत एक ठरावीक रेझिस्टर, आणि त्या रेझिस्टरला समांतर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. रेझिस्टर किती? पट्टा घालून, श्वास सोडून, मल्टिमीटरने सेन्सर मोजा. तो ४० किलोओहम आला तर ३९ किलोओहमचा रेझिस्टर लावा. मग पिनवरचा व्होल्टेज मध्यावर राहतो. ईएसपी३२ चा आकडे वाचणारा भाग दोन्ही टोकांना, म्हणजे शून्याजवळ आणि ३.३ जवळ, वाकडं वाचतो. मध्ये बरा असतो. ३२ ते ३९ मधल्या पिनाच वापरायच्या, कारण दुसऱ्या गटातल्या पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत.

वीजपुरवठा फक्त पॉवर बँकेवरून. पट्टा अंगावर असताना बोर्ड चार्जरला लावलेल्या लॅपटॉपशी जोडायचा नाही. प्रोग्राम टाकताना पट्टा काढून ठेवायचा. हा नियम कंटाळवाणा वाटला तरी त्याला अपवाद नाही: भिंतीतल्या विजेला जोडलेली कुठलीही वस्तू आणि माणसाची छाती यांच्यात तार नको. ब्लूटूथ त्यासाठीच घेतलंय. ब्लूटूथ चालू असताना बोर्ड पुरेशी वीज खातो, त्यामुळे काहीच लोड नाही असं समजून पॉवर बँक आपोआप बंद पडण्याचा प्रश्नही सहसा येत नाही.

प्रोग्रामचा विचार

कोड कसाही लिहा, पण क्रम असा ठेवा. भारतातली घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिची गुणगुण दर २० मिलिसेकंदाला पुन्हा येते. ४० मिलिसेकंद सतत वाचून त्या सगळ्या आकड्यांची सरासरी घेतली तर बरोबर दोन लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि गुणगुण जवळपास नाहीशी होते. असं केलं की सेकंदाला २५ आकडे मिळतात. श्वासासाठी ते भरपूर.

मग दोन चालत्या सरासऱ्या ठेवा: एक अर्ध्या सेकंदाची, दुसरी दहा सेकंदांची. पहिलीतून दुसरी वजा करा. पट्टीचं हळूहळू सरकणं दोन्हींत सारखंच असल्याने वजाबाकीत निघून जातं, आणि शून्याच्या वर-खाली होणारी श्वासाची लाट तेवढी उरते. गेल्या १५ सेकंदांत ही लाट किती उंच गेली आणि किती खोल आली ते बघून तिच्या एकूण उंचीचा एक चतुर्थांश घ्या. लाट शून्याच्या वर तेवढी गेली आणि मग शून्याच्या खाली तेवढी आली, तरच एक श्वास मोजा. नुसतं शून्य ओलांडलं म्हणून मोजलं तर मघाचं दुसरं टेकाड तुम्हाला हमखास फसवेल. आधीच्या श्वासानंतर एक सेकंदही झाला नसेल तर नवा मोजू नका. लाट नेहमीच्या तिप्पट झाली तर माणूस हललाय, पुढचे पाच सेकंद सोडून द्या. आणि लाटेची उंची एका किमान मर्यादेखाली गेली तर 'सिग्नल नाही' असं स्पष्ट लिहून दाखवा. शेवटचा आकडा पडद्यावर तसाच ठेवणारं यंत्र धोकादायक असतं.

दर पाच सेकंदांच्या गणितावरून मिनिटाचा आकडा फुगवू नका. पूर्ण ६० सेकंद मोजा. डॉक्टर आणि आशाताईंनाही पूर्ण मिनिट मोजायला शिकवतात, कारण श्वास एकसारखा नसतो.

खरं-खोटं करणं

मेट्रोनोमचं (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं) ॲप लावून मिनिटाला १२, १५ आणि २० श्वास घ्या आणि पट्टा काय सांगतो ते वहीत मांडा. ३० वर जायचं असेल तर अर्धा-पाऊण मिनिटच. जास्त वेळ तसा श्वास घेतला की गरगरतं. त्यानंतर मेट्रोनोम बंद करून दुसऱ्या कुणाला तरी छातीकडे बघून मोजायला सांगा, त्याने पट्ट्याचा आकडा न बघता. बसून, आडवं पडून, कुशीवर वळून. मोजणाऱ्या माणसात आणि पट्ट्यात एक-दोनचा फरक राहतो, तेवढा दोन माणसांच्या मोजणीतही राहतो.

सर्वात कडक परीक्षा श्वास रोखण्याची. पंधरा सेकंद श्वास धरा. या वेळात पट्ट्याने एकही श्वास मोजता कामा नये. मोजला तर तो हृदयाचे ठोके किंवा तारेची हालचाल मोजतोय, किमान मर्यादा वाढवा. ही परीक्षा न घेता प्रदर्शनात मांडलेले प्रकल्प खूप दिसतात. परीक्षकाने श्वास धरायला सांगितलं की आलेख मजेत नाचत राहतो.

बोलताना, हसताना, चालताना हा पट्टा चुकतो. ते मान्य करून 'शांत बसलेल्या माणसासाठी' असं लिहावं.

सेन्सरचा रेझिस्टन्स सतत एकाच दिशेने चढत असेल तर झालर लगद्यातून सुटत चालली आहे. हात जवळ नेला की आकडा उडत असेल तर कपॅसिटर नीट बसलेला नाही किंवा ग्राउंडचा सांधा सैल आहे. लाट अगदी चपटी असेल तर बहुतेक वेळा दोष पट्टा सैल असण्याचा असतो, कोडला हात लावू नका.

सिलिकॉन जमत नसेल तर

एका दुपारी होणारा प्रकार: आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) ज्यात येतात ती काळी वीजवाहक प्लास्टिकची पिशवी किंवा व्हेलोस्टॅटचा (तसल्याच वीजवाहक काळ्या प्लास्टिकचा) कागद घ्या. त्याचा दोन सेंटिमीटरचा चौकोन दोन तांब्याच्या टेपांमध्ये ठेवा आणि वर-खाली फोमचा तुकडा लावून ते सँडविच न ताणणाऱ्या पट्ट्याखाली दाबून बसवा. छाती फुगली की दाब वाढतो, रेझिस्टन्स कमी होतो. जोडणी आणि प्रोग्राम तोच. सिग्नल लहान असतो आणि पट्टा किती आवळला यावर फार अवलंबून राहतो, पण कोड तपासायला हा छान. मी तर म्हणेन, सिलिकॉन यायची वाट बघताना आधी हाच करा.

काय समजू नये

झोपेच्या तपासणीत रुग्णाच्या छातीला आणि पोटाला असेच दोन पट्टे बांधतात, त्यांच्यासोबत नाकाशी हवेचा वेगळा सेन्सर असतो. त्याचं कारण समजून घ्यायला हवं. झोपेत घसा बंद पडला तरी छाती-पोट धडपडत राहतात, हवा मात्र आत जात नाही. पट्टा ती धडपड 'श्वास' म्हणून मोजतो. म्हणजे हा पट्टा छातीची हालचाल सांगतो, हवा आत गेली की नाही ते सांगत नाही. घोरणाऱ्या आजोबांना बांधून 'सगळं ठीक आहे' असं घरच्यांना सांगायला तो कधीच वापरू नये. दम्याच्या झटक्यातही नाही.

विकायचा विचार असेल तर कायदा बघावा लागतो. १ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत, आणि २०१७ च्या मेडिकल डिव्हायसेस नियमांनुसार परवाना लागतो. निदानासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअरही त्यात धरलं जातं. कॉलेजच्या प्रकल्पात रुग्णांवर चाचणी घ्यायची असेल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. स्वतःवर आणि मित्रांवर, त्यांच्या संमतीने, शिकण्यासाठी वापरायला अडचण नाही.

हीच पट्टी गुडघ्याच्या पट्ट्यावर शिवली तर प्लास्टर निघाल्यावर दिलेले व्यायाम किती वेळा झाले ते मोजते. बोटाच्या मोज्यावर शिवली तर मूठ किती वेळा उघडली-मिटली ते. गुडघा किती अंशात वाकला हे मात्र तिला विचारू नका.

पट्टा धुताना बोर्डाची पिशवी टिचबटणांवरून काढून ठेवा, साध्या साबणाच्या पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत आडवा वाळवा. घडी घालताना सेन्सर दुमडू नये, सैल आणि सपाट ठेवावा. महिन्यातून एकदा फूटपट्टीशेजारची परीक्षा पुन्हा घ्या. सैल अवस्थेतला रेझिस्टन्स सुरुवातीच्या दुप्पट झाला असेल तर नवी पट्टी ओता, जाळीचे टाके उसवून जुनीच्या जागी शिवा आणि नव्या पट्टीला जुळणारा रेझिस्टर बसवा.